वही सगळ्या वर्गाला द्या

जूनच्या अंकाला वह्या-पुस्तकांची, शाळाप्रवेशाची पत्रं ठरलेली असतात. या वेळी तासगावकडच्या एका पत्राने वहीचा विषय निराळ्याच बाजूने काढला. आधीपासून शिल्लक असलेली तीन पत्रंही त्याच विषयाला लागून होती. म्हणून या महिन्याचं सदर एचआयव्हीबद्दलच्या भीतीला आणि त्या भीतीपायी माणसांशी होणाऱ्या वागण्याला दिलं आहे. निवृत्त होईपर्यंत मी सरकारी रुग्णालयाच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक होते. पुढची उत्तरं त्या कामातून आलेली आहेत.

प्रश्न : ताई, आमचा महिला बचत गट आहे. दर उन्हाळ्यात आम्ही वह्या बांधतो. आखलेला कागद रीमने आणायचा, दुमडायचा, पिना मारायच्या, कटिंग प्रेसवर करून घ्यायचं आणि जूनमध्ये गावातल्या शाळेला नि दुकानांना द्यायचं, असं चालतं. आमच्या गावात दोन भावंडं मामाकडे राहतात. आईवडील दोघंही एचआयव्हीने गेले. थोरल्याला लागण आहे, धाकटीला नाही, पण गाव दोघांनाही सारखंच धरतं. गेल्या वर्षी शाळेच्या पोषण आहारात दोघांची ताटं वेगळी ठेवली होती आणि दोघांना ओळीच्या शेवटी बसवत होते. ते बघून यंदा एकरेघी वहीवर याबद्दल काहीतरी छापायचं आम्ही ठरवलं. प्रेसवाले म्हणतात, कवटी टाकू, लाल अक्षरांत 'एड्स म्हणजे मृत्यू' लिहू, म्हणजे लक्ष जाईल. गटातल्या एक ताई म्हणतात, त्या दोघांना वर्षाच्या वह्या फुकट देऊ, सरपंचांच्या हस्ते देऊन फोटो पेपरात टाकू. मला दोन्ही पटत नाही, पण का ते धड सांगता येत नाही. वहीवर नक्की काय छापावं?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : कवटी छापू नका आणि तो फोटोही काढू नका. तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. कारणं मी देते, गटाच्या बैठकीत वाचून दाखवा.

आधी कवटीचं बघू. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. पुढे कितीतरी वर्षं साध्या माणसाच्या आवाक्यातलं औषध नव्हतं. माणसं घाबरली म्हणजे जपून वागतील, अशा समजुतीने भिंतीभिंतींवर कवट्या नि साप रंगवले गेले. मी बसायचे त्या खोलीच्या दाराबाहेरही तसलं एक पोस्टर होतं. तपासणीला आलेला माणूस बाकावर बसून तेच बघत राहायचा आणि नंबर यायच्या आत उठून जायचा. मी ते काढायला लावलं. भीतीने कुणी सावध झालेलं मला फारसं दिसलं नाही. भीतीने तपासणी टाळलेली, गोळ्या मध्येच सोडलेल्या, बायकोपासून लपवलेलं, हे मात्र सतत दिसलं. लपवलेल्या घरात मग बायकोची तपासणी उशिरा झाली, मुलाची त्याहून उशिरा.

शिवाय 'एड्स म्हणजे मृत्यू' हे आता खरं नाही. १ एप्रिल २००४ पासून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, औषधं सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं, आज ती सोय जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. २०१७ पासून तर तपासणीत एचआयव्ही आढळला की सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, किती आहेत हे बघत न बसता लगेच औषध सुरू करतात. बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला एकच गोळी असते. ती नेमाने घेणारा माणूस शेती करतो, संसार करतो, नातवंडं खेळवतो. तुमच्या गावातला थोरला मुलगाही ते औषध घेत असणार. त्याने गणिताची वही उघडताना, इतिहासाची वही उघडताना, दर वेळी स्वतःच्या मरणाची जाहिरात वाचायची का? आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाने ती वाचून त्याच्याकडे बघायचं का?

आता फोटोचं. सरपंचांच्या हातून दोनच मुलांना वह्या मिळाल्या तर त्या का मिळाल्या हे साऱ्या तालुक्याला कळेल. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कायद्याने कुणालाही स्वतःची एचआयव्हीची स्थिती सांगायची सक्ती करता येत नाही आणि विश्वासाने कळलेली दुसऱ्याची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. एचआयव्ही असलेल्यांबद्दल द्वेष पसरेल असं काही छापलं तर तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी धाकटीचा विचार करा. तिला लागण नाही, आणि एका फोटोने ती कायमची 'त्या घरातली' होईल. मदत करायची तर मामींच्या हातात वह्या द्या, गटाच्या नावानेही देऊ नका. शेजारीण म्हणून द्या.

वह्या मात्र सगळ्या वर्गाला सारख्या हव्यात. ज्या वह्या शाळेत त्याच दुकानात, त्याच किमतीला. कव्हरवर मोठ्या अक्षरांत 'एचआयव्ही जनजागृती वही' असं काही नको. नाहीतर आई विचारील, 'ही वही तुलाच का दिली?' आणि ती वही घरात कोपऱ्यात पडून राहील. पुढच्या बाजूला नेहमीचा चौकोन असू द्या : नाव, इयत्ता, तुकडी, विषय. त्याच्या वर शाळेतल्याच एखाद्या मुलाने काढलेलं पंगतीचं चित्र टाका, सगळ्यांची ताटं सारखी, सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. लाल फीत हवी असेल तर एका कोपऱ्यात छोटी घ्या. ती खूण १९९१ साली न्यूयॉर्कमधल्या कलाकारांनी तयार केली, एचआयव्ही असलेल्यांच्या बाजूने आपण उभे आहोत हे दाखवण्यासाठी. मागच्या कव्हरवरचं वेळापत्रक अजिबात काढू नका. संस्था वह्या छापतात तेव्हा ती जागा पुढाऱ्यांच्या फोटोंना किंवा उपदेशाला देतात, आणि मुलांना दोन्हींचा उपयोग नसतो. वेळापत्रक असलेली वही मूल रोज रात्री दप्तर भरताना उलटून बघतं. त्याच्याखाली एकच ओळ छापा : '१०९७ : एचआयव्हीबद्दल विचारायला फोन, पैसे पडत नाहीत.' राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ही हेल्पलाइन आहे.

आतल्या प्रत्येक पानाच्या तळाशी वाक्य छापायचं असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. तुम्ही आणता तो आखलेला तयार कागद मग चालणार नाही, सगळंच छपाईला द्यावं लागेल आणि वही महाग होईल. त्यापेक्षा मधलं जोडपान धरा, जिथे पिनांची टोकं दिसतात ते. तेवढंच छापून घ्या. शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की पान हवं असलं तर मधलंच काढायचं, म्हणजे मागचं पान सुटत नाही आणि बाईंना कळत नाही. त्या सवयीचा इथे उपयोग आहे. जोडपानाच्या डाव्या अर्ध्यावर माहिती छापा. उजव्या अर्ध्यावर नुसत्या रेघा ठेवा आणि वर एवढंच : 'तुला जे विचारायचं आहे ते इथे लिही. नाव लिहू नकोस. पान काढून प्रश्नपेटीत टाक.' हल्लीची मुलं तोंडाने विचारत नाहीत, पण निनावी चिठ्ठी मिळाली की फार नेमकं विचारतात. शाळांतल्या कार्यक्रमांत पेटीतून निघालेल्या चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत. 'माझ्या काकांनी माझा पापा घेतला तर मला होईल का?' 'आईचं रक्त तपासलं, माझं का नाही?' असे प्रश्न भर वर्गात कुणी विचारणार नाही.

डाव्या बाजूचा मजकूर मी लिहून देते, भाषा तुमच्या गावची करून घ्या :

'एकत्र बसून, एका ताटात जेवून, एका नळाचं पाणी पिऊन, खेळताना अंगाला अंग लागून, शिंक-खोकल्याने, डास चावून एचआयव्ही होत नाही. एचआयव्हीवर औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. रोज औषध घेणारी माणसं शाळेत जातात, कामाला जातात, म्हातारी होतात. कुणाला एचआयव्ही आहे असं कळलं तर ते दुसऱ्याला सांगत फिरायचं नाही. शाळेत, दवाखान्यात, नोकरीत एचआयव्हीमुळे वेगळं वागवायला कायद्याने मनाई आहे.'

सातवीपर्यंत एवढं पुरे. आठवीच्या पुढच्या वह्यांत कसा होतो तेही सरळ लिहा : एचआयव्ही असलेल्या व्यक्तीशी निरोध न वापरता आलेल्या लैंगिक संबंधातून, दूषित सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, आणि उपचार न झालेल्या आईकडून बाळाला. मार्ग हेच आहेत. आणखी एक गोष्ट लिहा, ती मोठ्यांनाही ठाऊक नसते : नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर त्या माणसाकडून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही.

खेळताना कुणाला लागलं, रक्त आलं, तर काय, असं पालक विचारतीलच. कुणाचंही रक्त असो, हातमोजा घालायचा, जखम साबण-पाण्याने धुवायची, पट्टी बांधायची. सगळ्यांच्या बाबतीत एकच रीत ठेवली की कुणाला काय आहे हे शाळेला माहीत असायची गरजच उरत नाही.

एक काम वह्यांच्या आधीचं आहे. ताटं वेगळी कुणी ठेवली? पोषण आहार शिजवणारी मावशी बहुतेक तुमच्या ओळखीची असेल, कदाचित एखाद्या गटातलीच. तिला कुणी धड काही सांगितलेलंच नसतं, आणि वरून पालकांचं बोलणं तिलाच ऐकावं लागतं. शाळा सुरू व्हायच्या आत तिच्याशी, मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोला. जिल्हा रुग्णालयातल्या एड्स नियंत्रण पथकाला पत्र दिलंत तर समुपदेशक गावात येऊन बोलतात, त्यांनाच प्रश्नपेटी उघडायला सांगा. बैठकीत त्या भावंडांचं नाव काढू नका. आणि शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात गटातल्या दोघीतिघींनी जेवणाच्या सुट्टीत जाऊन मुलांच्या ओळीत बसून जेवा, त्या दोघांच्या अलीकडे-पलीकडे. मुलं मोठ्यांचं बघून शिकतात. ताटं वेगळी ठेवायलाही ती मोठ्यांचं बघूनच शिकली.

प्रश्न : आमची मुलगी सहावीत आहे. शाळेत एका संस्थेने वाटलेल्या वहीवर एचआयव्हीची माहिती होती. एवढ्या लहान मुलांच्या हातात हा विषय द्यायची काय गरज आहे? आता हा आजार पूर्वीइतका राहिलाही नाही ना?
— एक पालक, रत्नागिरी

उत्तर : विषय मुलांच्या हातात आधीच आहे. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभ्या राहा. एखादा मुलगा बारीक असला, त्याच्या अंगावर पुरळ आलं, तर 'एड्स झालाय याला' ही शिवी ऐकू येते. ती शिवी मुलं आपल्याकडूनच उचलतात, आणि ज्या घरात खरंच कुणी औषध घेत असतं त्या घरातलं मूल ती ऐकून गप्प घरी जातं.

आजार कमी झाला हे खरं, पण भीतीचा वेग वेगळा असतो. तुमच्या शेजारच्या गोव्याचीच गोष्ट सांगते. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाने रक्तदान केलं होतं, त्या रक्तात एचआयव्ही आढळला. त्यांना काही न सांगता पोलीस घेऊन गेले आणि एका जुन्या क्षयरुग्णालयात एकटं कोंडून ठेवलं. तेव्हा गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. आईने उच्च न्यायालयात धाव घेतली. ६४ दिवसांनी ते घरी आले, कायदा मात्र न्यायालयाने रद्द केला नाही. पुढे त्यांनी एचआयव्ही असलेल्यांसाठी संस्था काढली आणि १९९२ साली ते वारले. तेव्हा औषध नव्हतं, माहिती कमी होती, असं म्हणता येईल. पण २००९ साली लातूर जिल्ह्यात हासेगावला, औषधं मोफत मिळायला लागून पाच वर्षं झाल्यावर, 'सेवालय' या संस्थेतली एचआयव्ही असलेली मुलं गावच्या शाळेत येऊ लागली म्हणून पालकांनी विरोध केला. ते पालक वाईट नव्हते. आपल्या लेकरांची काळजी त्यांनाही होतीच. त्यांच्या शाळेच्या दिवसांत कुणी त्यांना साधी गोष्ट सांगितलेली नव्हती, की शेजारी बसून हा आजार होत नाही.

तुमच्या मुलीला ती गोष्ट सहावीतच कळू दे. लैंगिक संबंधांबद्दल ती विचारील तेव्हा तिच्या वयाला झेपेल एवढं सांगा. आज वहीवर जे आहे ते तिच्याबरोबर बसून एकदा वाचा आणि तिने काय विचारलं ते मला कळवा.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा आहे, मूळचा नांदेडकडचा, चाकणला कंपनीत लागलोय. तीन जण मिळून खोली घेतली आहे. दीड वर्षापासून एआरटी चालू आहे. बाटलीवरचं लेबल काढून ठेवतो, कुणी विचारलं तर विटॅमिन सांगतो. केंद्रातून मिळालेलं हिरवं पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून बॅगेच्या तळाशी ठेवलंय. रोज गोळी घेतली की एका एकरेघी वहीत खूण करतो, मनात येईल तेही लिहितो. परवा रूमपार्टनरने पेन शोधताना ती वही हातात घेतली आणि माझ्या अंगाला घाम फुटला. त्याला सांगून टाकू का? की वही जाळू? आणि कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्त घेतात, त्यात कळेल का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : वही जाळू नका. गोळीच्या खुणा आणि मनातलं लिखाण वेगळं करा. खुणांसाठी खिशात मावणारी छोटी कॅलेंडर डायरी घ्या, त्यात नुसती टिंबं, एक शब्दही नको. ती उघडी पडली तरी कुणाला काही कळत नाही. मनातलं लिहायची वही निराळी ठेवा आणि कंपनीतल्या लॉकरमध्ये किंवा कुलपाच्या पेटीत ठेवा. लिहिणं थांबवू नका. माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलांपैकी जी लिहायची ती गोळ्या कमी चुकवायची, हे मी पाहिलं आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं, झोप कशी आहे, वजन किती, हेही त्यातच लिहा.

बाटलीबद्दल एक सूचना. गोळ्या काढून प्लास्टिकच्या पुडीत ठेवत असाल तर तसं करू नका. बाटलीत जी छोटी पुडी असते ती ओल शोषून घेते, गोळ्या तिच्यासकटच राहायला हव्यात. अख्खी बाटली स्टीलच्या डब्यात ठेवा. आणि खरोखरच विटॅमिन, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी, नाहीतर ॲसिडिटीचं औषध घेत असाल तर एआरटीच्या डॉक्टरांना सांगा. सध्या बहुतेकांना दिल्या जाणाऱ्या गोळीत डोल्युटेग्राविर असतं, आणि या गोष्टी त्याच वेळी पोटात गेल्या तर ते नीट शोषलं जात नाही. दोन्हींत अंतर ठेवावं लागतं.

रूमपार्टनरला सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. एका खोलीत राहून, एका कपातला चहा पिऊन त्याला काही होणार नाही, त्यामुळे त्याच्यापासून काही चोरून ठेवल्याचा अपराधही मनात धरू नका. सांगायचं तर घाम फुटला म्हणून सांगू नका. ज्या माणसाने दुसऱ्या कुणाचं गुपित आजवर राखलेलं तुम्ही पाहिलंय, त्यालाच सांगा. लग्न ठरेल तेव्हा गोष्ट वेगळी. होणाऱ्या बायकोला आधी सांगायलाच हवं, आणि ते कसं सांगायचं यासाठी समुपदेशक तुमच्याबरोबर बसतील.

कंपनीचं म्हणाल तर तुम्ही समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, आणि ही तपासणी नोकरीची अट म्हणूनही घालता येत नाही. तपासणीच्या फॉर्मवर सही करण्याआधी कुठल्या तपासण्या आहेत ते वाचा. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावा लागतो. या कायद्याच्या कितीतरी आधी, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराच्या खटल्यात सांगितलं होतं की काम करायला जो समर्थ आहे त्याला नुसत्या एचआयव्हीच्या कारणाने कामावरून दूर ठेवता येणार नाही. त्या माणसाचं नाव न्यायालयाने शेवटपर्यंत उघड होऊ दिलं नाही. निकालपत्रात त्याच्या जागी इंग्रजी अक्षरं आहेत. तुमच्यावर तशी वेळ आलीच तर तुम्हालाही नाव झाकून दाद मागता येईल.

औषध अजून नांदेडहूनच आणत असाल तर दर वेळी रजा काढू नका. जुन्या केंद्रातून बदलीचा कागद घ्या आणि पुणे जिल्ह्यातल्या जवळच्या केंद्रात नाव लावून घ्या. रजेची कारणं सांगून सांगूनच पुष्कळांचा डाव उघडा पडतो.

प्रश्न : हे पत्र मी शेजारच्या आजींच्या सांगण्यावरून लिहिते आहे. त्यांचा नातू बारा वर्षांचा आहे. मुलगा आणि सून दोघं गेले. नातू औषधावर आहे, पण गोळ्या कशाच्या ते त्याला सांगितलेलं नाही, 'ताकदीच्या' म्हणून देतात. तो सारखा आईबद्दल विचारतो. आजी म्हणतात, 'माझं वय झालं. मी गेल्यावर याला आईचं कोण सांगणार? तू लिहून ठेव.' मी दोनशे पानी वही आणली आहे. काय लिहू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांना जे सुचलं तेच युगांडातल्या आयांनी १९९० च्या दशकात केलं. तिथे एचआयव्ही असलेल्या बायकांची 'नॅकवोला' नावाची संघटना आहे. औषध नव्हतं, आपण मूल मोठं होईपर्यंत राहणार नाही हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी मुलांसाठी वह्या लिहायला घेतल्या : तुझा जन्म कुठे झाला, तुझं नाव कुणी ठेवलं, आपलं कूळ कोणतं, मी लहानपणी कशी होते. तिथल्या बायका सांगायच्या की वही लिहिता लिहिता आजाराबद्दल मुलाशी बोलायचं धैर्य आलं.

तुम्ही आजींना एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि त्या सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहा, सुधारू नका. आईचं माहेरचं नाव आणि गाव. ती कितवीपर्यंत शिकली. तिला काय खायला आवडायचं, काय करायला जमायचं नाही. लग्नात कुठल्या रंगाचं लुगडं होतं. हा पोटात असताना डोहाळे कसले लागले. बारसं कुठे झालं, पाळणा कुणी म्हटला. तिचा राग, तिची बोलायची ढब. एखादी भांडणाची गोष्टही लिहा, नाहीतर आई देवी होते आणि मुलाला ती ओळखीची वाटत नाही. मामा-मावशी असतील तर दोनचार पानं त्यांच्यासाठी कोरी ठेवून वही त्यांच्याकडे पाठवा.

पण आजार सांगायचं काम वहीवर टाकू नका. ते जिवंत माणसाने सांगायचं आहे, आणि बारा वर्षं म्हणजे आता उशीर करू नये. मुलं ऐकून-वाचून तर्क करतात आणि मग औषध फेकून देतात. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना आधी एकटं भेटा, मग आजी, नातू आणि समुपदेशक असे तिघं बसा. आम्ही एवढ्या वयाच्या मुलांना साधारण असं सांगायचो : 'तुझ्या रक्तात एक विषाणू आहे. रोजची गोळी त्याला झोपवून ठेवते. गोळी चुकली की तो जागा होतो.' पहिल्या दिवशी आजाराचं नाव घेतलंच पाहिजे असं नाही, पण खोटं काही सांगायचं नाही, म्हणजे 'ताकदीची गोळी' आता बंद. मला का, हे तो विचारीलच. तुझ्या आईकडून जन्माच्या वेळी आला, तेव्हा कदाचित तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, हे सरळ सांगा आणि हेच वाक्य वहीतही लिहा, आजींच्या तोंडून, आईवर ठपका न ठेवता. उपचार नसतील तर अशा शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते, आणि आईला वेळेत औषध मिळालं तर पाचांहूनही कमी. तो मोठा होईल, लग्न करील, त्याला निरोगी मुलं होऊ शकतील. हे त्याला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं, कारण मनातल्या मनात तो तेच मोजत असतो.

एसटीत एचआयव्ही असलेल्यांना उपचारासाठीच्या प्रवासात सवलत आहे. कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं म्हणून ओळखीच्या मार्गावर पुष्कळजण तिकीटच काढतात. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. मुलासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयात आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करा.

वहीची शेवटची चार पानं कागदपत्रांसाठी ठेवा : जन्मदाखला कुठे आहे, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले कुठे आहेत, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, औषधाच्या नोंदी. आणि वडिलांच्या नावावर जमीन असेल तर गट नंबर. सातबाऱ्यावर वारस म्हणून नातवाचं नाव लागलं आहे का, हे आजी आहेत तोवर बघून घ्या. अज्ञान मुलाच्या नावापुढे पालनकर्ता म्हणून आजींचं नाव लागतं. 'आजारी पोराला कशाला हवी जमीन' असं म्हणत चुलत्यांनी वाटणी उरकून टाकल्याच्या गोष्टी माझ्या टेबलासमोर पुष्कळ झाल्या आहेत. नोंदीत टाळाटाळ झाली तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो.